मालक, घरचे आणि बाकीचे

सोमवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या त्या डिझाइनच्या दुकानात शिरताना बिभीषणच्या मनात एवढंच होतं, की हे काम अकरापर्यंत उरकावं आणि चिंचोळीला पळावं. तिथल्या एका कारखान्यात प्रिंटर तीन दिवस रुसून बसला होता, आणि प्रिंटरपेक्षा मॅनेजर जास्त. बार्शी सोडून सोलापुरात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून त्याला अकरा वर्षं झाली होती. कंबर कायमची धरली होती. माणसं कॉम्प्युटरबद्दल जे जे खोटं बोलू शकतात, ते सगळं ऐकून झालं होतं. ‘आम्ही कशालाच हात लावला नाही’ हे त्यातलं पहिलं.

दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. गल्लीत उघडणारं दोन फळ्यांचं दार, बाहेरच्या कडीत पितळी कुलूप, आत एक टेबल आणि फिरती खुर्ची. खुर्चीवर टॉवेलच्या कापडाची उशी. भिंतीवर जुन्या मागाची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं शोभेला टांगलेली. पूर्वी चादरीवरचा मोर त्या भोकांतून उतरायचा, आता कॉम्प्युटरमधून उतरतो. तो मोर काढणारा माणूस दोन महिन्यांपूर्वी वारला होता आणि त्याच कार्डांशेजारी हार घातलेल्या फोटोत जाऊन बसला होता.

“लेकीच्या लग्नाची चादर हाय ती,” त्याची बायको सावित्रम्मा म्हणाली. चहाचा कप तिने टेबलावर नाही, स्टुलावर ठेवला. “मालकांनी काढाय घेतली आन् अर्धी राहिली. लेकीलाच येतंय त्यातलं, ऋतुजाला. शाळेत शिकवती, तिथनं आली की दुपारी बसून पुरी करती. शुक्करवारी चिंचोळीत माग मोकळा हाय, तवर झाली तर झाली. तुमी तेवढं उघडून द्या की.”

काम सोपं होतं. जुन्या मशीनची एक डिस्क मेली होती, डिझाइनं ठेवलेली दुसरी धडधाकट होती. बिभीषणने नवीन डिस्क घालून लिनक्स ही सिस्टीम टाकली आणि जुनी डिस्क जोडली. फायली सगळ्या दिसल्या, पण मालकाच्या रकान्यात नावाऐवजी नुसता आकडा होता: १००१. यात नवल काही नव्हतं. लिनक्स माणसाला आकड्याने ओळखतं, नाव ही वर लावलेली पाटी. नव्या सिस्टीमवर जुनी पाटी नसणारच.

“आधी कोणाच्या नावानं उघडायचे?” त्याने विचारलं.

“मालकांच्या.”

“नाव काय टाकू?”

सावित्रम्माने पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं. चाळीस वर्षं जे नाव तोंडावर आलं नाही, ते आता एका मशीनसाठी कुठून येणार? “मालकच टाका की,” ती म्हणाली.

बिभीषणला हसू आलं. रकान्यातही मालकच हवा होता. त्याने १००१ या आकड्याला ‘मालक’ असं नाव दिलं. गेलेल्या माणसाचं खातं, म्हणून त्यातून कोणी आत येऊ नये असं बंदही करून टाकलं. ऋतुजाचं वेगळं खातं काढलं, ‘घरचे’ नावाच्या गटात तिला बसवलं आणि गटाला परवानगी दिली. प्रत्येक फायलीला तीन दारं असतात: मालकाचं, घरच्यांचं आणि बाकीच्यांचं. तिसरं दार त्याने बंद ठेवलं आणि तो चिंचोळीला गेला.

मंगळवारी दुपारी दोनला ऋतुजाचा फोन आला. “सर, काल शाळेत उशीर झाला. आज बसले तर सेव्ह होत नाहीये. परवानगी नाही म्हणतंय.”

मार्च संपत आला होता. त्या उन्हात मोटारसायकलची सीट तव्यासारखी तापलेली. बिभीषणने येऊन पाहिलं, तर घरच्यांचं दार बंद. उघडं फक्त मालकाचं. बंद झाल्याची वेळ एक वाजून दहा मिनिटं.

“कशाला हात लावला होता का?”

“सर, मी दीडला आले शाळेतून. आई स्वयंपाकघरात होती.”

त्याने सुस्कारा सोडला, दार पुन्हा उघडून दिलं आणि चूक आपलीच असेल असं मनाला सांगितलं. पण ऋतुजाला तेव्हा लग्नाच्या खरेदीला निघायचं होतं, काम उद्यावर गेलं. बुधवारी पुन्हा तेच. पुन्हा एक-दहा. आदल्या दिवशी खबरदारी म्हणून ऋतुजाच्या फोल्डरमध्ये काढून ठेवलेली प्रतसुद्धा बंद. ठरल्या वेळी आपोआप चालणारं एखादं काम राहिलं असेल म्हणून त्याने रात्रीपर्यंत अख्खं मशीन उलटंपालटं केलं, तिथे काही नव्हतं. मग कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारा पहारा त्याने फायलींवर बसवला.  ऋतुजाचे दोन दिवस गेले होते आणि मोराला अजून पिसारा नव्हता.

गुरुवारी तो साडेबारालाच आला. आज स्वतः समोर बसायचं ठरवलं होतं. खुर्चीकडे वळला तसं सावित्रम्माने पुढे होऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “हितं नगा. स्टुलावर बसा.”

तो स्टुलावर बसला. तिने कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी आणून दिली. गल्ली झोपली होती. कुठला माग चालू नव्हता, कुठला रेडिओ नाही. पंख्याचा तेवढा आवाज. त्याचे दोन्ही हात ताटात होते.

एक-दहा झाले.

पडद्यावर पहाऱ्याची एक ओळ उमटली. मालक : बंद. दोन सेकंदांनी तीच ओळ पुन्हा. मग आणखी एकदा.

बिभीषणचा घास तोंडातच राहिला. खातं बंद होतं. कीबोर्डला कोणी शिवलं नव्हतं. आणि दार एकदाच बंद करावं लागतं, बंद दार पुन्हा पुन्हा बंद कशाला करायचं?

“तीनदा केलं,” तो स्वतःशीच म्हणाला.

“तीनदा?” सावित्रम्मा पुढे आली. तिला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, तरी ती त्या ओळींकडे बघत राहिली. “एक-धाला जेवाय उठायचे. कुलूप लावलं की तीनदा वडून बघायचे. रोज. मी हसायची, तर म्हणायचे, भर दुपारी उघडं टाकून जाऊ न्हाई, कोण बी शिरतंय.”

तिचा चेहरा उजळला होता. दोन महिन्यांत इतकं बोलली नसेल. बिभीषणने मात्र ताट बाजूला सारलं. डिस्क जुनी आहे, तो म्हणाला. घड्याळात गडबड असेल, तो म्हणाला. दोन्ही कारणं फुसकी आहेत हे त्याला माहीत होतं.

दीडला ऋतुजा आली. पडदा बघून तिने पर्स टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्या रडायला लागली. “उद्या सकाळी फाइल द्यायचीय. नंतर त्यांचा माग महिनाभर रिकामा नाही. लग्न बुधवारी आहे, सर. बाबांची दुसरी कुठली वस्तू मी नेणार नाहीये तिकडे.”

बिभीषण थकला होता. एरवी हे त्याने केलं नसतं. नव्या पोरांना तो स्वतः सांगायचा, की काही झालं तरी सात-सात-सात करायचं नाही. सात म्हणजे सगळी परवानगी. पहिला सात मालकाला, दुसरा घरच्यांना, तिसरा बाकीच्यांना. आळशी माणसाचा उपाय. त्याने काहीही उघडतं.

“आता मी सगळी दारं सताड उघडतो,” तो म्हणाला. “आणि हे मालकाचं खातं पुसून टाकतो. म्हणजे परत कोणी बंद करायला येणार नाही.”

“दारं म्हंजे?”

“घरच्यांचं. बाकीच्यांचं.”

“बाकीचे म्हंजे कोण?” सावित्रम्माने विचारलं.

“कोणीही. म्हणजे तसं कोणी नाही. म्हणायची पद्धत आहे.”

तिने फोटोकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक डोळे पुसत होती. मायलेकी तेलुगूत काहीतरी बोलल्या. बिभीषणला त्यातलं कळलं नाही, पण शेवटी म्हातारीचा आवाज फुटला एवढं कळलं.

“पुसा,” ती मराठीत म्हणाली. “चादर हू द्या.”

त्याने पुसलं. ऋतुजा चार तास हलली नाही. संध्याकाळपर्यंत मोराला पिसारा फुटला.

चादर झाली, लग्न झालं. बिभीषणला बुंदीचा डबाही आला. बारा दिवसांनी सकाळी फोन आला, तो सावित्रम्माचा. ती एवढंच म्हणाली, “जरा येऊन जाता का? दुपारच्या आत या.”

तो पोचला तेव्हा पाऊण वाजला होता. कुलूप कडीत उघडंच लटकत होतं. सावित्रम्मा आतल्या उंबऱ्यावर बसली होती. या बारा दिवसांत ती वाळल्यासारखी झाली होती.

“चादर लई चांगली झाली,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. “एक-धाला कुलूप वाजतंय. तीनदा. पर वडतंय ते आत यायला.”

“आणि आत?”

“आत खुर्ची वाजती.”

“मग तेच असतील की, मावशी.” तिला बरं वाटावं म्हणून तो बोलून गेला.

तिने मान हलवली. “त्यांना उशीबिगर बसता यायचं न्हाई. मूळव्याधीचा तरास. हे जे बसतंय, ते उशी काढून खाली ठिवतंय.”

उशी जमिनीवर होती. बिभीषणने उचलली, झटकली आणि खुर्चीवर नीट ठेवली. मग स्टूल ओढून तो बाजूला बसला आणि त्याने कीबोर्ड जवळ घेतला. त्या दिवशी सगळ्या फायली त्याने ऋतुजाच्या नावावर केल्या होत्या. आता मालकाच्या रकान्यात ऋतुजा कुठेच नव्हती. आकडे होते. एक नाही, प्रत्येक फायलीपुढे वेगळा. असल्या आकड्यांची माणसं या मशीनवर नव्हती. त्याने कोणालाही हे आकडे दिले नव्हते.

“मालकांना परत आत घेता येतंय का?” सावित्रम्माने विचारलं.

“बघतो.”

तो रूट होऊन आत शिरला. रूट म्हणजे मालकाच्याही वरचा. त्याला मशीन कधी अडवत नाही, अकरा वर्षांत अडवलं नव्हतं. त्याने लिहिलं: मालक, १००१, नवीन खातं.

परवानगी नाही.

त्याने सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा लिहिलं.

परवानगी नाही.



एक-दहाला बाहेर कुलूप वाजलं.

पडद्यावर ओळ आली. १००१ : परवानगी नाही.

कुलूप पुन्हा वाजलं. ओळ पुन्हा आली.

तिसऱ्यांदा.

सावित्रम्मा उठली. गुडघ्यावर हात ठेवत दारापर्यंत गेली आणि तिने दोन्ही फळ्या उघडल्या. गल्लीत ऊन होतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. कडीतलं कुलूप हलत होतं.

“या की आत,” ती त्या उन्हाला म्हणाली.  मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांचं नाव घेतलं. लहान पोराला हाक मारावी तसं, हळूच.

कुलूप हलायचं थांबलं. चौथ्यांदा ते वाजलं नाही.

शेजारी खुर्ची वाजली. बिभीषणने तिकडे पाहिलं. पुन्हा उशी जमिनीवर होती.