उसना श्वासांक

निरामय हाइट्सच्या लिफ्टमध्ये आरसा काढून पडदा बसवला होता आणि त्यावर सोसायटीतल्या मुलांचे श्वासांक झळकत असत. भाजी घेऊन वर जाणाऱ्या बायका पिशवी खाली टेकवून आधी शेजारणीच्या पोराचा आकडा बघत, मग आपल्या. दुसऱ्याचा घसरलेला दिसला की "अगंबाई, बिचारा!" म्हणत आणि आपला मजला येईपर्यंत खुशीत असत.

हा आकडा द्यायची श्वासटिकली. नखाएवढी चकती. छातीवर चिकटवली की श्वासनळ्यांचा आवाज ऐकत बसते. नळी आवळायला लागली की माणसाच्या कानाला शिट्टी ऐकू येण्याआधी टिकलीला कळतं. घरात औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं तरी कळतं, आणि कोणत्या औषधानंतर कोणाचा श्वास कसा चालला, हे ती शिकत जाते; औषध देऊ का विचारलं तर त्यावरून सांगतेही. दम्याच्या मुलांचा जीव वाचावा म्हणून शोधलेली वस्तू. तिच्यात चढाओढ करण्यासारखं काय आहे, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. पण निरामय हाइट्समध्ये शहाणी माणसं राहत नव्हती, उच्चशिक्षित राहत होती. त्यांनी गणेशोत्सवात रांगोळी आणि पाककृतीच्या जोडीला 'आदर्श श्वास' अशी स्पर्धा सुरू केली. बक्षीस शाल आणि श्रीफळ.

विक्रांत पेंढारकर त्यांच्यातलाच. "आमच्या घराण्यात कोणाला दमा नाही," असं तो डॉक्टरांना सांगे, मुलाचा दम्याचा रिपोर्ट हातात धरून. मुलगा ओजस आठ वर्षांचा. त्याचा आकडा यादीच्या तळाशी असायचा. एकदा सेक्रेटरी देवस्थळी लिफ्टमध्ये चारचौघांसमोर म्हणाले, "काय पेंढारकर, पोराला जपा हं!" झालं. त्याच आठवड्यात विक्रांतने ओजसची टिकली काढून मोठ्या मुलीच्या, केतकीच्या छातीवर लावली. केतकी रोज पोहायची, तिची फुप्फुसं ठणठणीत.

"विक्रांत, अरे हे बरोबर आहे का?" त्याची बायको शाल्मली म्हणाली.

"गणपतीपर्यंतच गं. नंतर परत लावू."

तिलाही लिफ्टमधून ताठ मानेने जायचं होतं.

ओजसचा आकडा भराभर चढला. देवस्थळींनी ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली. इकडे ताप आला, अंग दुखलं की विक्रांत पोराला आयबुप्रोफेनचं गोड सिरप द्यायचा, आणि नंतर पोरगा खोकत बसायचा. टिकली काही बोलत नाही म्हटल्यावर खोकला हवेचाच, हे ठरलेलं. टिकली बोलणार कशी? ती बिचारी दुसऱ्याच छातीवर बसली होती!

बक्षिसाच्या दिवशीही ओजसला कणकण होती. "थोडा वेळ कळ काढ रे राजा," म्हणत विक्रांतने सिरप पाजलं, झब्बा चढवला आणि पोराला हॉलमध्ये आणलं.

प्रमुख पाहुण्या होत्या छातीच्या डॉक्टर, सुमन कोरगावकर. ओजसचं नाव पुकारलं गेलं. मागच्या पडद्यावर भलामोठा अठ्ठ्याण्णव उमटला, टाळ्या पडल्या. ओजस स्टेजवर आला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला. खांदे वर-खाली होत होते, दोन शब्दही धड बोलता येत नव्हते.

"लाजतोय!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. देवस्थळींनी त्या धापा टाकणाऱ्या पोरावर शाल पांघरली आणि फोटोग्राफरकडे बघून दात काढले.

डॉक्टरांनी शाल ओढून फेकली. "याला काय दिलंत?"

"मॅडम, पडदा बघा ना," विक्रांत हसतच म्हणाला. "अठ्ठ्याण्णव आहे!"

"मी मुलाकडे बघतेय. काय दिलंत?"

देवस्थळींनी घाबरून पडद्यावर ओजसच्या नावापुढचं रुग्णवाहिकेचं बटण दाबलं. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "ओजस पेंढारकर यांचा श्वास उत्तम आहे. मदतीची गरज नाही. सणाच्या शुभेच्छा."

तेव्हा केतकी धावत स्टेजवर आली आणि तिने गळ्याजवळचा ड्रेस बाजूला केला. "डॉक्टर, त्याची टिकली माझ्याकडे आहे. बाबांनी लावलीय. आत्ता त्याला तापाचं सिरप पाजलंय."

"केतकी! लोकांसमोर काय बोलतेस?"

पोराचे ओठ निळे पडायला लागले होते आणि या गृहस्थाला लोक दिसत होते. लाज वाटावी!

"पंप कुठाय याचा?" डॉक्टर ओरडल्या.

"वर... घरी," शाल्मली रडत म्हणाली. "कपाटात ठेवलाय. कोणाला दिसू नये म्हणून."

पहिल्या रांगेत सातव्या मजल्यावरच्या नाडकर्णीबाई बसल्या होत्या. त्यांच्या लेकीचा आकडा नव्व्याण्णव, आणि तिला सर्दीसुद्धा होत नाही, असं त्या सगळ्यांना सांगत. त्या उठल्या, मान खाली घालून पर्समधून पंप आणि त्याची नळी काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी पंप देत देतच ओजसला स्वतःच्या गाडीत घातलं. दवाखान्यात ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शन झालं. बऱ्याच वेळाने त्याची छाती सैल पडली. "आई, पाणी," एवढं तो एका दमात म्हणाला आणि शाल्मलीने तोंडावर पदर दाबला.

डॉक्टर बाहेर आल्या. "आयबुप्रोफेन बहुतेक मुलांना चालतं, दम्याच्या मुलांनाही. काही थोड्यांच्या नळ्या मात्र त्याने आवळतात. तुमचा मुलगा त्यांतला दिसतोय. टिकली त्याच्या अंगावर असती तर तिने पहिल्या एक-दोन वेळेलाच सांगितलं असतं."

विक्रांतने घसा खाकरला. "मॅडम, हे सोसायटीत... म्हणजे, आपल्यातच राहील ना?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. चपलेला काही लागलं की माणूस बघतो, तसं. "टिकली शिकलेलं स्वतःपुरतं ठेवत नाही, पेंढारकर. दम्याच्या आठ वर्षांच्या मुलाला हे सिरप छान मानवतं, हे ती तुमच्या घरात शिकली आणि सगळीकडे पोचवून आली."

"पण एका मुलाच्या आकड्याने असा काय फरक पडणार?"

"एका? पंप कोणाच्या पर्समधून निघाला ते बघितलंत ना? अशा सोसायट्या किती असतील?"

विक्रांतची नजर आतल्या खाटेकडे गेली.

"आत्ता कुठेतरी एखादी आई तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन हीच बाटली उघडत असेल. तिने काही लपवलेलं नाही. टिकली तिच्या पोराच्याच छातीवर आहे. ती टिकलीला विचारेल, देऊ का? आणि टिकली म्हणेल, द्या. त्या बाईला काय सांगायचं, बोला?"