डाव्या पायाची पत्रं

"पांझरेवर पोहायला येतेस की नाही? अर्धी सुट्टी संपली!" पुना दारातून ओरडला.

"कुंदाबाईंचं पत्र वाचून येते," यशू म्हणाली आणि तिथंच तिला जांभई आली.

दिवाळीची सुट्टी कसली! लढाईचं हे सहावं वर्ष. देवपूरच्या त्या गल्लीतली चार पोरं ब्रह्मदेशाकडे लढत होती आणि त्यांच्या आयांना अक्षरओळख नव्हती. मग यशूनं सकाळी रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, दुपारी पत्रं वाचायची आणि वाचून झालं की रडणाऱ्या बाईजवळ बसायचं. बारा वर्षांची पोर त्यानं दमते, हे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

कुंदाबाईंचं पत्र तिनं उघडलं. "आई, डाव्या पायाला गोळी लागली. इस्पितळात आहे. पत्र आणणाऱ्या शिपायाजवळ चाळीस रुपये दे..."

यशू थांबली. अगदी हेच पत्र तिनं परवा भागाबाईंना, त्यांच्या अभिमनचं म्हणून, वाचून दाखवलं होतं! तोच डावा पाय, तेच चाळीस रुपये, तेच वाकडं अक्षर!

"कुंदाबाई, पैसे दिलेत?"

"सकाळीच! शिपायानं तोंडीच सगळं सांगितलं, बांगड्या मोडल्या ना मी."

भागाबाई आज पैसे देणार होत्या! यशू पळत सुटली. मागे पुना.

भागाबाईंची फुटाण्याची भट्टी गल्लीच्या टोकाला होती. बाहेर खाटेवर खाकी कपड्यांतला माणूस चहा पीत होता. शेजारी गल्लीतले वडीलधारे लोटननाना. भागाबाई आत गाडग्यातून पैसे काढत होत्या. त्यांचा धाकटा चिंधा फुटाणे चाळत होता. तो आजच चाळीसगावहून, मामाकडून आला होता. खाकीवाल्यानं त्याला कधी पाहिलंच नव्हतं!

"नानांना सांगू या," पुना कुजबुजला.

"ऐकणार नाहीत. परवा त्याला गल्लीतल्या शिपायांची नावं त्यांनीच सांगितली, घरंही दाखवली. खाकी कपडे बघून भुलले!"

यशू खाटेसमोर गेली.

"दादा, अभिमनदादासोबत त्याचा भाऊ चिंधाही पलटणीत आहे ना? तो कसा आहे?"

नानांनी तोंड उघडलं. पुनानं पटकन त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या कोंबला. "नाना, पाणी प्या!"

खाकीवाल्यानं उसासा टाकला. "काय सांगू पोरी! चिंधालाही गोळी लागली. त्याच्या औषधाला वीस रुपये वेगळे लागतील."

"मला? गोळी?" चिंधा चाळणी घेऊन उभाच राहिला. "अहो, मी चिंधा! सातवीत आहे!"

माणूस पिशवी उचलून पळाला. चिंधानं फुटाण्यांची अख्खी टोपली त्याच्या पायांत ओतली. माणूस धाडकन आपटला! तो उठायच्या आत लोटननाना त्याच्या पाठीवर बसले.

"हलू नकोस, चोरा!"

पिशवीत कुंदाबाईंचे चाळीस रुपये निघाले आणि सहा पत्रं. सगळ्यांत डावा पाय, फक्त नावाची जागा कोरी. पोलीस त्याला घेऊन गेले. गल्ली जमली, जो तो पोरांची पाठ थोपटू लागला. कुंदाबाईंनी यशूच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

भागाबाई मात्र मातीतले फुटाणे एकेक करून वेचत होत्या.

"काकू, तुमचे पैसे वाचले," यशू हळूच म्हणाली.

"हो बेटा. पन दोन दिन माले वाटनं, मना पोऱ्या कोठे शे ते तरी समजनं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आते परत काहीच माहीत नही."

यशू खाली बसून फुटाणे वेचू लागली. पुना आणि चिंधाही बसले.

नानांची मान खाली गेली होती. "चूक माझी आहे, भागाबाई. नावं मीच सांगितली. उद्या भरतीच्या कचेरीत जातो आणि अभिमनची खरी खबर काढतो."

"यशूले संगे लई जा, नाना," भागाबाई म्हणाल्या. "तुमनापेक्षा ती शहानी शे."

"खरंच आहे!" नाना म्हणाले.

"म्हणजे उद्याही पोहणं नाही!" पुना कण्हला.

यशू दमून हसली. "नाना, सकाळी लवकर निघू. तिथंही रांग असेल."