जागा सोडत आहे

बसा. दार तेवढं लोटून घ्या, आई आत आहे.

मी पालिकेच्या दफनभूमीत कारकून आहे, बावीस वर्षं झाली. गेटापाशी एक खोली, एक टेबल, नोंदवह्यांचं कपाट. इथला एकही रहिवासी तक्रार घेऊन येत नाही, असं आम्ही आपसात म्हणायचो. मग नवे साहेब आले. म्हणाले, पालिका यापुढे दमडी देणार नाही, दफनभूमीनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. म्हणजे तीस वर्षांहून जुन्या, बेवारस कबरी मोकळ्या करायच्या आणि त्या जागा नव्यांना द्यायच्या.

पद्धत सोपी होती. प्रत्येक कबरीमागे एक पत्र आणि सोबत उत्तराचं कार्ड. ‘जागा ठेवत आहे’ किंवा ‘जागा सोडत आहे’, एकावर खूण करायची, खाली सही आणि सध्याचा पत्ता. पत्र परत आलं की जागा बेवारस. जुन्या वह्यांत वारसाचा रकाना कोराच होता. मग मी वहीत होतं तेच नाव पाकिटावर घातलं, मेलेल्या माणसाचं. पत्रं परतच यायला हवी होती ना!

खड्डे खणणारे एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना बाबा म्हणतात; ते पाकिटं बघून थबकले. "भाऊसाहेब, यांना कशाला विचारता?"

"अहो, नुसता कागदी घोडा आहे."

"विचारलं की माणूस उत्तर देतो," ते म्हणाले आणि फावडं उचलून गेले.

त्या यादीत माझी ताई होती. नऊ वर्षांची असताना तापानं गेली, मी सहा वर्षांचा होतो. तिला वगळा म्हणालो, तर साहेब म्हणाले, "कारकुनानंच आपलं माणूस आधी काढलं, तर लोक काय म्हणतील?" मी तिचंही पाकीट टपालात टाकलं. म्हटलं, पत्र परत येईल, मग मीच ‘ठेवत आहे’ लिहून देईन. पत्ता जुन्या घराचा होता. ते घर केव्हाच रस्त्यात गेलं आहे.

एकही पत्र परत आलं नाही.

कार्डं मात्र आली. गठ्ठ्यांनी. प्रत्येकावर सही, प्रत्येकावर एकच खूण... सोडत आहे. साहेब खूश. "बघा, लोक किती समजूतदार असतात!" पाचव्या गठ्ठ्यात ताईचं कार्ड निघालं. पेन्सिलीनं लिहिलेलं, इतकं दाबून की कागद फाटला होता. "पेन्सिल आहे गं, खिळा नव्हे," आई तिला रोज रागवायची. खाली सध्याचा पत्ता होता आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा. तिथे आम्ही ती गेल्यावर वीस वर्षांनी राहायला आलो.

मी धावत साहेबांकडे गेलो. "सही आहे ना? मग झालं," ते म्हणाले. गठ्ठा आधी त्यांनीच पाहिला होता, जागा त्या सोमवारीच दुसऱ्याला दिली होती. बाबा मान खाली घालून उभे होते. "खाली काहीच नव्हतं, भाऊसाहेब... कुठल्याच खड्ड्यात नव्हतं."

चार वाजता घरी आलो. जिन्यात लख्ख ऊन होतं, आणि नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास. आईनं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे.

"अरे, तिला आत येऊ दे की. किती वेळ बाहेर उभी करशील?"

मी मागे वळलो नाही. अजूनही वळत नाही. आई हल्ली दोन घास जास्त खाते, दिवसभर कुणाशी तरी बोलते. मला भीती वाटतेच, पण त्याहून लाज वाटते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी. माझ्या हातानं मी तिला तिच्या जागेवरून उठवलं. आता परत कुठे नेऊ? तिथे दुसरं कुणी झोपलंय.

आज टपालानं हा अर्ज आला, घ्या, बघा. नव्या जागेसाठी. पेन्सिलीनं लिहिलाय. जागा किती जणांसाठी? दोन. पहिलं नाव ताईचं, दुसरी ओळ कोरी. जागा कधीपासून हवी? बुधवारपासून. आज मंगळवार. मी साहेबांच्या पाया पडलो, पण मंजुरीचा शिक्का सकाळीच बसला होता. अर्ज पूर्ण भरलेला नाही म्हटलं, तर म्हणाले, "भरतील हो. घाई काय?"

आतून हसण्याचा आवाज येतोय ना? आई एकटीच हसतेय असं म्हणा. निदान तुम्ही तरी म्हणा...

थांबा. तो अर्ज इकडे द्या. मघाशी दिला तेव्हा ही दुसरी ओळ कोरी होती, तुम्हीही पाहिलीत. आता तिथे एक अक्षर उमटलंय. कागद फाटलाय बघा. चष्म्याशिवाय मला ते लागत नाही... जरा वाचता?

नको. राहू द्या. अजून लिहून व्हायचंय.