सांगायचं नाही अशी खोली

आपल्या खोलीकडे जिना चढताना तिला थांबावं लागलं. मधल्या पायरीवर एक माणूस लहान मुलीचा एक बूट हातात धरून शांत बसला होता. दोन पायऱ्या वर आठ वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"वाट बंद आहे," तो म्हणाला. "सरकार संपावर आहेत."

तीही तिथंच पायरीवर टेकली. पिशवीतून बटणांचा डबा काढला आणि स्वतःशीच पुटपुटली, "यात एक हिरवं बटण होतं... कुठं दडलंय कोण जाणे."

मुलगी हलली नाही. मग एक पायरी खाली सरकली. मग आणखी एक. थोड्या वेळानं तिघंही वरच्या खोलीत होती, आणि बुटाचा विषय कुणी काढला नव्हता.

अशा मुलांवर खेळता-खेळता उपचार करणं हे तिचं काम. त्या काळी या त्रासाचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. लोक सरळ हट्टी म्हणत, लाडावलेली म्हणत. खरं तर कुणी 'कर' म्हटलं की या मुलांना भीती घेरते, आणि मग आवडीची गोष्टसुद्धा हातून होत नाही. म्हणून तिच्या खोलीत कुणी कुणाला काही सांगायचं नाही, असा नेम होता. भिंतीवर घड्याळ नव्हतं. खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या. ज्याला हवी त्यानं काढावी. बोलायचं ते हवेशी बोलल्यासारखं, उत्तराची वाट न पाहता.

मुलीची आई इस्पितळात कामाच्या पाळीवर असायची, म्हणून दर गुरुवारी हा मामाच तिला घेऊन यायचा. नदीवर नवा पूल होत होता, तिथं तो ओव्हरसियर होता. खोलीचा नेम त्यानं भाचीच्याही आधी उचलला.

"कुणीतरी आज नवा शर्ट घातलाय," ती लोकर गुंडाळत म्हणायची.

"कुणाच्या तरी नजरेतून काही सुटत नाही."

"कॉलरला दुकानाची चिठ्ठी लोंबतेय, म्हणून."

तो मान वळवून चिठ्ठी शोधायचा, आणि ती खिडकीबाहेरच्या रिमझिमीकडे बघत हसू दाबायची.

"तुम्ही दोघं भिंतीशी का बोलता?" एकदा मुलीनं विचारलं.

असे कितीतरी गुरुवार गेले. जिन्यावरची त्याची पावलं ती आता बरोबर ओळखू लागली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही जरा उशिराच.

मग एका गुरुवारी तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाला, "पूल संपला. पुढचा पूल लांब आहे, दोन दिवसांच्या प्रवासावर. इथं या पुलाच्या देखभालीची एक जागा आहे... पण ती काही तितकीशी मोठी नाही. उद्या कळवायचंय."

आणि तो बोटावरची नाडी उलगडू लागला.

"असं," ती म्हणाली.

एका शब्दानं काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. जवळ यायला निघालेल्या एका मुलाला त्याची आई लाडानं 'ये ना' म्हणाली, आणि ते मूल दुपारभर टेबलाखालून निघालं नव्हतं. हा माणूस तर आपणहून इतका जवळ आला होता. तिनं जीभ आवरली. बटणं रंगांप्रमाणे लावत राहिली, आणि निळ्यांत पिवळी टाकत गेली.

"निघतो तर मग," तो बूट खाली ठेवून उठला. दारापर्यंत गेला.

टेबलाखालून आवाज आला. "मामा, ती सांगणार नाही. ती कुणालाच सांगत नाही. कारण मला सांगितलेलं सोसत नाही." मग डोकं बाहेर काढून, "तुला सोसतं ना?"

तो कडीवर हात ठेवून उभा होता. "माहीत नाही," म्हणाला. "थांब म्हणून... कुणी कधी सांगितलंच नाही."

तिच्या हातातलं बटण घरंगळत गेलं. नऊ वर्षांत या खोलीत तिनं कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला आवरेना. "इथली जागा घ्या. उद्या तसं कळवा. आणि... ती खुर्ची काढा, बसा."

तो कोपऱ्यात गेला. वरची खुर्ची काढली, तिच्यासमोर ठेवली आणि बसला.

"आणखी काही?"

"सध्या एवढंच."

"बाई गं, किती सांगते ही," टेबलाखालून मुलगी कानांवर हात ठेवून म्हणाली.

ती दोघं एकमेकांकडे बघत होती, भिंतीकडे नव्हे. आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही, हे मुलीनं दोनदा नीट पाहून घेतलं. मग हळूच बाहेर आली, आणि जमिनीवर पडलेला बूट पायात घातला.