न फुटलेल्या काचा

काच फोडायची आणि वर तोंड करून सांगायचं, "निसटली, आत्या!" एकदा झालं, समजू शकतं. पण या भाचीने कंदिलाच्या काचा फोडायचा धंदाच मांडला होता. वात उघडी, घरभर धूर, आणि आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू.

बोलायची ती तावातावाने, पण आतून धसकली होती. पोरीच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी हातातून भांडी निसटू लागली, मग हात कापू लागले, मग तिने अंथरूण धरलं ते कायमचंच. पोरीने कप उचलला की आत्या तिच्या बोटांकडे बघत राही.

त्यांचं घर डोंगरात सगळ्यांत वर. फेरीवाला खेचर घेऊन खालच्या वळणाशी थांबे आणि हाक देई, "काही हवंय का?" नको म्हटलं की तिथूनच माघारी. हवंय म्हटलं तरच चढण चढे.

त्या संध्याकाळी हाक आली, तेव्हा भाची आत्याच्या आधी दारात पोचली होती.

"का...च!"

तो वर आला. भुरभुर पावसाने केस कपाळाला चिकटलेले, श्वास फुललेला, आणि चेहरा मात्र असा की जणू सपाटीवरून आला!

"पुन्हा फुटली?"

"पुन्हा."

"आता तुमच्यासाठी लोखंडाची काच शोधतो."

"मग उजेड कसा पडेल?"

"या घरात मला तरी..." तो तिच्याकडे बघून म्हणाला, "उजेडाची कमी दिसत नाही."

आत्या जोरात खाकरली. "गप्पांनी खेचराचं पोट भरत नाही. पेंढा आणते त्याला," म्हणत ती गोठ्याकडे वळली. पाठीमागून त्याचा आवाज आला, एकदम उतरलेला.

"एक सांगायचं होतं... खालच्या गावापर्यंत आता मोटार येते. मी तिथेच दुकान घेतलंय. ही फेरी – शेवटचीच."



गोठ्यात आत्याने पेंढ्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. कंदिलाची काच! तिच्याखाली आणखी एक. मग आणखी. जुन्या फडक्यात गुंडाळलेल्या, तान्ही बाळं निजवावीत तशा. एकीलाही तडा नव्हता.

आत्या तिथेच पेंढ्यावर बसली. म्हणजे काहीच निसटत नव्हतं. पोरीचे हात चांगले होते! छातीवरचा धोंडा असा उतरला की आता तिचेच हात कापू लागले.

डोळे पुसून तिने सगळ्या काचा टोपलीत भरल्या आणि बाहेर आली. तो भाचीपुढे काच धरून उभा होता. "ही जाड आहे. फुटायची नाही."

"मला नको ती..." भाचीने ती मागे सारली, "न फुटणारी."

आत्याने टोपली मधोमध ठेवली. भाची कानापर्यंत लाल झाली. तो मात्र नुसता हसला.

"मला ठाऊक होतं." त्याने हात पुढे केले. बोटांवर कापल्याच्या जुन्या खुणा होत्या. "फुटकी काच उचलली की हात असे होतात. तुमच्या बोटांवर कधी ओरखडासुद्धा नव्हता."

"मग... एवढी चढण का चढायचात?"

"तुम्ही ओ द्यायचात म्हणून." तो अडखळला. "दुकानावर राहायला खोली आहे. एकट्याला मोठीच पडेल. विचारीन म्हणतो, पण..."

"विचारा ना!"

"याल?"

तिने मान हलवली, आणि मग घाबरून आत्याकडे पाहिलं.

आत्याने कंबरेवर हात ठेवले.

"हात ठणठणीत आहेत तुझे. दुखणं आहे ते जिभेला! एवढ्या काचा लपवल्यास, पण एक शब्द बोलवेना? आता उभी काय राहिलीस? कंदिलाला काच लाव आधी. लग्नाची बोलणी मी अंधारात करत नसते!"