आठवा दिवा

पहिल्यांदा काउंटरवर आली तेव्हा तिने आठ लाल दिवे मागितले, वाटाण्याएवढे... आणि त्याने कधी नव्हे ते विचारलं, "कशाला?"

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात असं विचारायचं नाही, हा दुकानाच्या मालकाचा, म्हणजे त्याच्या मामाचा दंडक. पण ती हसली.

"घरी कॉम्प्युटर बनवतेय. छोटासा, आठ बिटांचा. त्याचे भाग आठ तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्या तारांना बस म्हणतात. काय बोलतात ते मला कळायला नको? म्हणून एक बोर्ड, आणि दर तारेला एक दिवा."

"म्हणजे चोरून ऐकणार."

"उघड उघड. आपलंच लेकरू आहे."

लाल दिवे सातच निघाले. माल संपल्याचा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

ती वाचनालयात कामाला होती. दुपारच्या सुट्टीत यायची, कधी रेझिस्टर, कधी सोल्डरची तार न्यायची. काहीही मागितलं तरी तो ते तपासून दाखवायचा आणि मगच पुडी बांधायचा, ही दुकानाची जुनी रीत. तिचं लक्ष वस्तूकडे असायचं, आणि त्याचं... जाऊ द्या, मामाच्या नजरेतूनही ते सुटलं नव्हतं.

मग आठवा दिवा आला. म्हणजे बोर्ड पुरा होणार आणि ती यायची थांबणार. त्याने दिवा बॅटरीला लावून पेटवून दाखवला आणि पुडी बांधताना, कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, खराब दिव्यांच्या डबीतला एक त्या जागी सरकवला. उद्या भांडायला तरी येईल, असं त्याला वाटलं.

उद्या ती आली नाही. परवाही नाही. सहाव्या दिवशी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने.

"मी नाद सोडला," ती म्हणाली. "आठवी तार मुकीच राहिली. दोष तिथेच असेल म्हणून मेमरीचा अख्खा भाग उखडून बसलेय. आई म्हणते, जेवायचं टेबल मोकळं कर. उरलेलं सामान परत घ्याल?"

"दिवा... बदलून बघितला नाही?"

"तुम्ही तपासून दिलेला दिवा कशाला बदलू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप नवा दिवा देऊन सुटता आलं असतं. पण सहा दिवस ती स्वतःच्या हातांना दोष देत होती, आणि ते हात त्याला फार आवडायचे.

"तार बोलतेय. दिवाच मेलेला आहे," तो म्हणाला. "मी मुद्दाम दिला. तुम्ही परत यावं म्हणून."

आत स्क्रू निवडणाऱ्या मामाचा हात थांबला.

"सहा दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते," ती हळूच म्हणाली.

"मूर्ख मी आहे."

"ते दिसतंच आहे. सरळ विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं."

"काय... विचारलं असतं तर?"

"तेही मीच सांगू?" तिचे कान लाल झाले होते. "आठवा दिवा मी लावणार नाही. रविवारी घरी येऊन तुम्ही लावायचा. मेमरीचे जोडही तुम्हीच करायचे, दोनशे आहेत. आई-बाबांसमोर."

"दोनशे?"

"घाई आहे?"

"अजिबात नाही."

"दिवा घेऊन जा रे," मामा आतून म्हणाला. "पण आधी पेटवून बघ."

त्याने नवा दिवा काढून बॅटरीला लावला. दिवा पेटला. या वेळी तिचं लक्ष दिव्याकडे नव्हतं.