सात नंबरचा पाना

पाना दिसला तो अगदी शेवटच्या घटकेला. अणुभट्टीतलं इंधन बदलून झालं होतं, वरचं झाकण बसवायचं तेवढं राहिलं होतं. शेवटची पाहणी म्हणून हौदाच्या पाण्यात कॅमेरा सोडला, तर तळाशी एक पाना आडवा पडलेला. त्या हौदात साधी टाचणी पडली तरी हात थांबवावे लागतात, कारण ती वाहत जाऊन इंधनाच्या नळ्यांत अडकली तर पुढे काय होईल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इथे तर अख्खा पाना होता.

तो निघेपर्यंत भट्टी बंद राहिली आणि केंद्राच्या साहेबांना वरून शिव्या खाव्या लागल्या. वरून निघालेल्या शिव्या खाली कुठेतरी पोचवाव्याच लागतात. त्या पोचल्या गेवराईच्या अजीजवर, ठेकेदाराकडच्या एका हेल्परवर.

पान्याच्या दांड्यावर सात हा आकडा कोरलेला होता आणि सात नंबर अजीजचा होता. दांड्याला एक दोरा गुंडाळलेला होता. पाण्यातला कॅमेरा काळं-पांढरंच दाखवतो, त्यामुळे दोऱ्याचा रंग कळला नाही. पाना बाहेर काढला तो थेट शिशाच्या डब्यात बंद झाला. किरणोत्साराच्या भीतीने तो उघडून बघायची कुणाला हौस नव्हती. चौकशी समितीला रंगाची गरजही पडली नाही. मुसलमानाचं पोरगं, म्हणजे दोरा दर्ग्याचा गंडाच असणार. आपला लाडका पाना चोरून आत नेला आणि हातातून सुटला. समितीने तसं लिहिलं आणि हात झटकले.

त्या अहवालावर शेवटची सही सत्यशीलाची हवी होती. केंद्रातले हे इंधनबदलाचे मोठे बंद, ज्याला सगळे शटडाऊन म्हणतात, त्यांचं नियोजन आणि मागाहूनचा आढावा तिच्या हातात असे. तिने सही केली की देशातल्या एकाही अणुवीज केंद्राचं फाटक अजीजला उघडणार नव्हतं. "एका हेल्परसाठी कशाला डोकं लावता, सही करून टाका," असा सकाळी साहेबांचा फोन आला. तो ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या: एक, तो डबा आजच्या आज कॅमेऱ्यासमोर उघडा, दोन, मी गेवराईत आहे, सहीचं संध्याकाळी बोलू.

गेवराई तिला परकी नव्हती. ती नांदूरघाटची, लोहाराची लेक. भाता ओढून पुढे इंजिनियर झालेली बाई सहजासहजी सही करत नाही.

अजीज हायवेच्या कडेला आईच्या सीताफळांच्या गाड्याजवळ उभा होता. अजमतबीने आलेल्या बाईला नीट पाहून घेतलं आणि तराजू खाली ठेवला.

"बाई, पोराला सजा द्यायची तर द्या. पन आधी इचारा तरी. आजपातूर कुनीच इचारलं न्हाई."

"तेच करायला आले आहे," सत्यशीला म्हणाली आणि अजीजकडे वळली. "पाना तुझा आहे?"

"माझाच हाय. पन मी नेलाच न्हाई. हौदावर आपली हत्यारं चालतच न्हाईत म्याडम, केंद्राचीच वापरायची. आत जाताना मोजून देत्यात, येताना मोजून घेत्यात. माझा पाना मी हितं, ठेकेदाराच्या शेडात खुंटीवर ठिवून गेलतो."

"त्याला गंडा बांधला होतास?"

"गंडा मानसाला बांधत्यात. पान्याला कावून बांधू?"

"समितीचं म्हणणं, तू खिशात घालून नेलास."

अजीज पहिल्यांदा हसला, पण त्या हसण्यात कडवटपणाच जास्त होता. "आतल्या कपड्यांना खिसा कुठं असतो? आमच्यातल्या कुनालाच न्हाई. खिसा फकस्त सुपरवायझरला, वॉकी-टॉकीसाठी."

साहेबांच्या समितीने हे विचारलंच नव्हतं. मग कुणी मुद्दाम हे कशाला करेल, असं तिने विचारलं तेव्हा अजीजने आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि बिल्ल्याची गोष्ट सांगितली. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. माणसाच्या अंगात किती किरणं गेली ते त्याच्यावरून मोजतात. मर्यादा भरली की त्या माणसाला बाहेर बसवायचं आणि दुसरा शिकवलेला माणूस आणायचा. पण ठेकेदार मोहनरावांचा मुलगा रविराज, जो सुपरवायझर होता, त्याने पोरांना बिल्ले बाहेरच कपाटात टांगून आत जायला लावलं होतं. बिल्ला कोरा, म्हणजे माणूस पुन्हा कामाला मोकळा. केंद्रावर गेल्या गेल्याच अजीज त्याला नाही म्हणाला होता, आणि सुरक्षेच्या साहेबाला सांगेन असंही म्हणाला होता. पण सांगायला जावं तर साहेबाच्या दालनापर्यंत रविराजच्या परवानगीशिवाय पोचता येत नव्हतं. शेवटी तो चौकशीत बोलला, तर समितीने लिहिलं की आरोपीने अंग झटकण्यासाठी कांगावा केला.

सत्यशीलाला शटडाऊनच्या नियोजनाची बैठक आठवली. इतक्या कमी माणसांत हौदावरचं काम कसं भागेल, असं तिने तेव्हाच विचारलं होतं. मराठवाड्याची माणसं काटक असतात म्याडम, असं मोहनराव हसून म्हणाले होते. मागाहूनच्या आढाव्यात तर त्यांना कमी मनुष्यबळाबद्दल शाबासकी मिळाली.

मोहनरावांचं शेड गावाबाहेर होतं. मध्ये हौदाच्या झाकणाची लोखंडी नक्कल उभी होती. आत गेल्यावर प्रत्येक क्षण अंगावर चढतो, म्हणून बोल्ट कसे झटपट काढायचे-बसवायचे याचा सराव पोरं आधी इथे करत. भिंतीला लांब फळी, फळीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली तिथल्या हत्याराची रंगाने काढलेली आकृती. बहुतेक हत्यारं जागेवर होती. त्यांना दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा, खंडेनवमीच्या पूजेचा लाल-पिवळा नाडा अजून तसाच गुंडाळलेला होता. हौदाबाहेरच्या कामाची काही हत्यारं मात्र पहिल्या ट्रकने केंद्रावर गेली होती ती परतली नव्हती. त्यांच्या रिकाम्या जागी फळीवरच कुंकवाची बोटं उमटली होती. सातवी खुंटीही रिकामी होती. तिची जागा कोरी होती.

शेड झाडणाऱ्या छबुबाईंना सत्यशीलाने फळीवरच्या कुंकवाबद्दल विचारलं.

"मीच लावलं की नवमीला. हत्यार परगावी गेलं तर त्याच्या जाग्याला तरी बोट लावावं. आमच्यात तसंच हाय."

"आमच्यातही," सत्यशीला म्हणाली. तिची आई लोहारशाळेत असंच करायची.

हत्यारं सांभाळणारा आदिनाथ हातातल्या किल्ल्या फिरवत उभा होता. तो शटडाऊनभर गेवराईतच राहिला होता. सात नंबरचा पाना अजीजनेच पहिल्या ट्रकने नेला, असं त्याने समितीला सांगितलं होतं.

"नेताना पाहिलंत?" तिने विचारलं.

"तसं पाहिलं न्हाई. दिवाळीनंतर खुंटी रिकामी दिसली, म्हनलं त्यानंच नेला आसंल."

"म्हणजे अंदाज सांगितलात."

आदिनाथने किल्ल्या खिशात घातल्या. एका माणसाचं आयुष्य त्याच्या अंदाजावर टांगलेलं होतं, आणि ते त्याला आत्ता कुठे कळत होतं.

मग रविराज आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"तुम्ही कधी केंद्रावर गेलात?"

"पहिल्या ट्रकबरोबर. नवमीच्या बऱ्याच आधी."

"मधे गेवराईला आलात?"

"नाही म्याडम. झाकण बसेपर्यंत मी केंद्राचं फाटक ओलांडलं नाही. अहवालात आहे तसं."

"अजीजशी भांडण?"

"पोरगा कामाचा होता हो. पण जरा तोंडाळ." त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

मोहनरावांनी चहा मागवला. शेतीवाडी, ठेकेदारी, गावचं राजकारण अशी तिन्ही गाडगी एकाच चुलीवर ठेवलेला माणूस. सत्यशीलाने पान्याचा विषयच काढला नाही. नांदूरघाटला आमच्याकडे हत्यारांची पूजा कशी व्हायची ते ती सांगत बसली, आणि तुमच्याकडे नारळ कोण फोडतं, असं सहज विचारलं.

मोहनरावांची छाती फुगली. "घरच्या पोरानंच फोडायचा, वडलांपासूनचा रिवाज हाय आमचा. इकडची दुनिया तिकडं होऊ द्या, यंत्रपूजा चुकली न्हाई आजवर. यंदा तर रविराज केंद्रावरनं गाडी हाकत आला, नारळ फोडला, अन् पाय न टेकता परत गेला. असा पोरगा लागतो म्याडम."

सत्यशीलाने चहाचा कप तसाच खाली ठेवला. तेवढ्यात केंद्रातून फोन आला. तिने तो उभ्यानेच ऐकला आणि सगळ्यांना फळीसमोर बोलावून घेतलं. अजीज आईला घेऊन आला. रविराज सगळ्यात शेवटी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आला.

"पान्याला बांधलेला दोरा दर्ग्याचा आहे असं सगळ्यांनी धरून चाललं," ती म्हणाली. "रंग कुणी पाहिला नव्हता, नाव पाहिलं होतं. आज डबा उघडला. दोरा लाल-पिवळा आहे. समोरच्या हत्यारांना आहे तोच, नवमीचा नाडा."

अजमतबीने पोराचा दंड घट्ट धरला.

"आता ही फळी बघा. नवमीच्या आधी जी हत्यारं परगावी गेली, त्यांच्या जागेला छबुबाईंनी कुंकू लावलंय. सातव्या जागेला नाही. कारण त्या दिवशी पाना इथेच होता. कुंकू पान्याला लागलं, नाडा पान्याला बांधला. आणि अजीज तर पहिल्या ट्रकने गेला तो केंद्रावरच होता. म्हणजे नवमीच्या पूजेनंतर कुणीतरी इथून पाना उचलला आणि हौदात टाकला. आदिनाथ शटडाऊनभर इथेच होते. मोहनरावांना हौदाचा पासच नाही. हेल्परांच्या कपड्यांना खिसे नसतात. हौदाचा पास आणि खिसा, दोन्ही असलेला, नवमीला या शेडात उभा असलेला माणूस एकच आहे. आणि आपण फाटक ओलांडलं नाही असं तोच सांगतो."

रविराजने बापाकडे पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावरून त्याला कळायचं ते कळलं.

"नवमीला आलो म्हणून काय झालं? दोऱ्यावरनं गुन्हा सिद्ध होत नाही."

"मग एवढंच सांग. पाना उचललास तेव्हा तो दोरा तोडला का नाहीस? एक हिसका पुरला असता. तोडला असतास तर मी आज इथे आलेच नसते."

उत्तर मोहनरावांच्या तोंडून निघून गेलं, सवयीने, विचार न करता.

"पूजेचा दोरा तोडत नसत्यात. तो आपसूक गळावा लागतो."

बोलून झाल्यावर त्यांनाच त्याचा अर्थ लागला.

"बरोबर," सत्यशीला म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि बोलण्यातून नांदूरघाटही डोकावू लागलं होतं. "दोरा तोडायला याचा हात धजला न्हाई. गरिबाच्या छातीवरचा बिल्ला काढून त्याला आत ढकलायला धजला. एका पोराचं जन्माचं वाटोळं करायला धजला. लई देवभोळा पोरगा हाय तुमचा, मोहनराव."

"त्यानं तोंड उघडलं असतं तर धंदा बसला असता," रविराज म्हणाला. आता तोंडात साखर नव्हती. "पाना वाहून कुठंच गेला नसता. पाहणीत सापडणार हे मला ठाऊक होतं. कुणाचं काय वाईट झालं?"

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं तिला मनापासून वाटलं. तिने हात मागे बांधले आणि पोलीस आणि केंद्राची सुरक्षा येईपर्यंत त्याला झाकणाच्या नकलेशेजारी बसायला सांगितलं. आदिनाथ न सांगता दारात जाऊन उभा राहिला.

तिने अहवाल सगळ्यांसमोर उभा-आडवा फाडला. अजीजला म्हणाली, तुझा पास उद्याच सुरू होईल, आणि लेखी माफीही मिळेल. अजमतबीने पदराने डोळे पुसले. अजीज मात्र जागचा हलला नाही.

"पास ऱ्हाऊ द्या म्याडम. माझा बिल्ला माझ्या छातीवर होता, माझा हिशोब तुमच्याकडं हाय. ज्यांचे बिल्ले कपाटात होते त्यांचं काय? बिल्ला कोरा हाय, पन मानूस तर आतच होता. त्यांच्या अंगात किती गेलं, ते कोन वाचनार?" तो थांबला. "त्यातलाच आमचा सटवा, त्याची बायको पोटुशी हाय. रोज इचारतोय, समदं नीट होईल न्हवं. त्याला काय सांगू?"

कोऱ्या बिल्ल्यावरून काहीच वाचता येत नाही, हे सत्यशीलाइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. कमी माणसांत काम झालं म्हणून टाळ्या वाजल्या त्या बैठकीत तीही बसलेली होती.

"ही माणसं डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुढच्या शटडाऊनची आखणी मी करणार नाही," ती म्हणाली. "त्यावरची सही माझ्याशिवाय कुणाला करता येत नाही. सटवाला घेऊन ये. सगळ्यांनाच घेऊन ये. कोण किती वेळ आत होतं, ते मी एकेकाच्या तोंडून ऐकते."

अजीज निघाला. छबुबाईंनी तिच्यासाठी खुर्ची आणली, ती तिने बाजूला सारली आणि पोरं सरावाला बसायची त्या लोखंडी पायरीवर वाट बघत बसली.